स्वच्छ प्रत

वहिनीनं कात्रीच्या जबड्यातून कागद ओढला, तेव्हा कागदावरच्या पातेल्याचे सरळ दोन तुकडे झाले. अर्धं पातेलं नणंदेच्या हातात राहिलं, अर्धं वहिनीच्या मुठीत.

"हे काय आहे?"

"कव्हर आहे, वहिनी. पंचविसाव्या सीडीचं. सोडा, चुरगळेल."

"चुरगळायलाच धरलंय. पातेलं कशाला काढलंत त्यावर?"

"त्यातून दूध उतू जातंय. बघा ना, या बाजूला फेस आहे. फेसालाच दोन दिवस गेले माझे."

"वन्सं, हा फेस मी तुमच्या डोक्यावर ओतीन."

नणंदेनं चष्मा नाकावर वर ढकलला आणि दुसरा कागद घेतला. वहिनीच्या आवाजाला घाबरणारी माणसं गावात पुष्कळ होती, पण नणंद त्यातली नव्हती. लहानपणापासून तिला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं आणि वहिनीशी बोलताना ती नेमका तोच कान पुढं करायची.

पलीकडच्या खोलीत वहिनीचा नवरा कॉम्प्युटरपुढं पाठमोरा बसला होता. त्यानं मान वळवली नाही. जन्मभर त्यानं लिफ्ट दुरुस्त केल्या. दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर उगाच हालचाल करू नये, हे तो आत अडकलेल्यांना बाहेरून ओरडून सांगायचा आणि घरी स्वतः पाळायचा.

वहिनीच्या आवाजाचं काय सांगावं! एकोणतीस वर्षं ती दवाखान्याच्या खिडकीत बसून पेशंटचे नंबर पुकारत होती. तिनं सत्तेचाळीस नंबर म्हटलं, की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या खुर्चीतून सत्तेचाळीस नंबरवाला अर्धी दाढी तशीच ठेवून पळत यायचा. एकदा तर बेशुद्ध आणलेला एक म्हातारा आपला नंबर ऐकून उठून बसला आणि "आलो, आलो" म्हणाला. ही गोष्ट सगळ्यांना वहिनीनंच सांगितलेली, हे खरं. पण म्हातारा उठला नाही असंही कुणी कधी म्हटलं नाही.

तर हाच आवाज पंचविसाव्या सीडीवर होता. चोविसाव्या सीडीवरही होता. पहिल्यावरही होता.

लिफ्टवाल्याचा जीव एका बँडवर जडलेला. तीन पुरुष आणि एक गाणारी बाई. लोक त्यांना नुसतं 'चौघे' म्हणायचे. सहा वर्षं गायले, दोन रेकॉर्डी काढल्या, भांडले आणि चार दिशांना गेले. मागे राहिले ते त्यांचे वेडे. लिफ्टवाला दरवर्षी या वेड्यांसाठी एक सीडी भरायचा. रेकॉर्डीवरची गाणी, कुणी हॉलमध्ये चोरून टेप केलेली, कुणाच्या मेहुण्याच्या कॅसेटवर अर्धवट उरलेली, अशी अठरा गाणी तो महिनाभर मागेपुढे करत बसायचा. अखेर क्रम जमला की बरोबर चाळीस प्रती करायचा, एकेचाळिसावी नाही. प्रत्येकीवर हातानं नंबर घालायचा, कव्हर बहिणीकडून करून घ्यायचा आणि पोस्टात टाकायचा. लोक त्या सीड्यांसाठी जीव टाकत. चौथ्या वर्षाची सीडी हुकली म्हणून एकानं तिच्या बदल्यात चांगली चालती सायकल दिली. दुसऱ्या एकाच्या घराला आग लागली, तर त्यानं आधी सीड्यांचा खोका बाहेर काढला आणि मग सासूला. सासू अजून त्याच्याशी बोलत नाही, पण सीड्या उत्तम वाजतात.

गाण्यांचा क्रम दरवर्षी बदलायचा, पण अठरावं गाणं ठरलेलं होतं. ते पुलाचं गाणं. चौघांनी ते एकदाच गायलं होतं, एकतीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी, रेडिओवर. रेडिओवाल्यांनी पुढं ती टेप पुसून तिच्यावर हवामानाचा अंदाज भरला. जगात ते गाणं उरलं ते लिफ्टवाल्याच्या कॅसेटवर, असं सगळे धरून चालायचे. त्यानं रेडिओपुढं टेपरेकॉर्डर ठेवून, खिडक्यांना गोधड्या लावून, श्वास रोखून ते घेतलं होतं. दुसऱ्या कडव्यात बाईचा आवाज हळूहळू वर चढतो, वाद्यं एकेक करून थांबतात, नुसता तो एकटा आवाज उरतो, आणि मग स्वयंपाकघरातून येतं,

"अहो, दूध उतू गेलं! कान आहेत की बटाटे?"

तिथं दोघींचे आवाज असे एकमेकींत कालवलेले, की एक काढावा तर दुसरा त्याच्याबरोबर जातो.

चौघांचे वेडे वर्षातून एकदा एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचे. अठरावं गाणं लागलं की त्या जागी सगळे मिळून ओरडायचे, "कान आहेत की बटाटे?" मग हसून हसून लोळायचे. वहिनीला ते बटाटेवहिनी म्हणत. एकदा परक्या गावात ती दुकानात उशीचे अभ्रे बघत होती. "जरा मोठे दाखवा" म्हणाली, तर गल्ल्यावरचा माणूस ताडकन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "वहिनी, एकदाच म्हणा ना." वहिनी अभ्रे न घेता परत आली. घरात उश्या सहा महिने उघड्या होत्या.

हेही तिनं गिळलं असतं. पण गेल्या आठवड्यात पत्र आलं होतं. चौघांतल्या त्या बाईंचं, स्वतःच्या हातचं. म्हातारी झालेय, गाणं सोडलंय, पण पुलाचं गाणं आमच्यापैकी कुणाकडेच नाही. तुमच्याकडे आहे असं कळलं. रविवारी येते. सगळ्यांच्यात बसून ऐकेन म्हणते.

"त्या बाईंच्या गळ्यावर माझे बटाटे?" वहिनी म्हणाली. मुठीतलं अर्धं पातेलं तिनं टेबलावर आपटलं. "त्या ऐकणार, सगळे खिदळणार, आणि मी कुठं तोंड लपवू? खुर्चीखाली?"

"तुम्ही मावणार नाही," नणंद म्हणाली.

"एकतीस वर्षं झाली, वन्सं. घर पेटलं असतं तरी तुमचा भाऊ त्या खुर्चीतून हलला नसता त्या दिवशी. मी ओरडले आणि हा दगडासारखा बसून राहिला. वर माझंच ओरडणं गावोगाव वाटतोय!"

पलीकडे सीडीचा ट्रे सुर्र करून बाहेर आला आणि आत गेला.

नणंदेनं कागदावर नवा गोल काढायला घेतला. मग खाली बघतच, आवाज उतरवून म्हणाली, "स्वच्छ प्रत असलीच तर एकाकडे असेल. कानवाल्याकडे, पहिल्या सीडीपासूनचा वेडा तो. त्याच्याकडं काय नाही? पण तुम्हाला मी सांगितलं नाही हं."

"रविवारच्या आत आणते," वहिनी म्हणाली. "नाही आणली तर नाव बदलेन."

"बदलायला हरकत नाही. बटाटे काही फार चांगलं नाही."

मंगळवारी सकाळी वहिनीनं पिशवी काखेत मारली.

"कुठं निघालीस?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

"दाढ दाखवायला."

"कुठली दाढ?"

"अक्कलदाढ."

"ती काढली होती ना?"

"ती वेगळी. अक्कल मला जास्त आहे, दाढाही जास्त आहेत."

बस चार तास हलली. वहिनीच्या शेजारी एक बाई कोंबडीसारखी मान टाकून झोपली होती आणि दर वळणाला तिच्या खांद्यावर येत होती. एरवी वहिनीनं तिला एका शब्दात जागं केलं असतं. आज ती आवाज जपून होती. कानवाल्यापुढं काय काय बोलायचं ते मनात लावत होती. आधी गोडीनं. मग आजारपण सांगायचं, कुणाचं ते तिथं गेल्यावर ठरवू. तरी नाही दिली, तर त्याच्या दारात बसून नंबर पुकारायचे, एकपासून.

कानवाल्याचं दुकान एका अरुंद गल्लीत जिन्याखाली होतं. बहिऱ्यांना कानातली यंत्रं बसवून द्यायचं काम. काचेच्या कपाटात लोकांच्या कानांचे साचे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. माणूस किडकिडीत, पांढऱ्या भुवयांचा, आणि बोलायचा इतका हळू की बहिऱ्यांचा धंदा हा कसा करतो, असा प्रश्न पडावा. मागच्या भिंतीवर सीड्यांची एक फळी होती. वहिनीनं दारातूनच मोजल्या. एक ते चोवीस, नंबरवार, एकही खाडा नाही.

"नमस्कार. मी जरा..."

कानवाल्यानं हात वर केला. हातातलं बारीक पेचकस खाली ठेवलं. डोळे मिटले.

"बसा, वहिनी," तो म्हणाला. "बटाटे."

वहिनी बसली. गोडीनं बोलायचं, आजारपणाचं, सगळं ती विसरली आणि जे खरं होतं तेच म्हणाली. रविवार, त्या बाई, हॉल, खुर्ची. बोलता बोलता आवाज चढला आणि कपाटातले कान थरथरले.

कानवाल्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आहे माझ्याकडे. तेव्हा मी पोरगेला होतो. रेडिओतूनच तार काढून घेतलं होतं. घरातला एक आवाज नाही त्यात."

"द्या."

"देतो. आधी एक विचारू?" तो पुढं वाकला. "दूध उतू गेलं की शेगडीवर चर्र होतं. माझा धंदाच कानांचा आहे. तुमच्या नवऱ्याची प्रत मी तीनशे वेळा तरी ऐकली असेल. आधी ऐकलं, नंतर ऐकलं. चर्र कुठंय, वहिनी?"

वहिनीनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"लग्नाला आठ महिने झाले होते," ती म्हणाली. या माणसापुढं खोटं बोलणं म्हणजे न्हाव्यापुढं दाढी लपवणं, हे तिला कळून चुकलं होतं. "दिवसभर ओरडून ओरडून घसा कोरडा. घरी आले तर हा खिडक्यांना गोधड्या लावतोय. म्हणाला, सहा ते साडेसहा एक शब्द बोलू नकोस. तीन दिवस तेच चाललं होतं, गाणं, गाणं, गाणं. म्हटलं, बघू तर खरं. माझ्यासाठी हा उठतो की नाही."

"म्हणजे दूध..."

"दूध नव्हतंच. घासलेलं पातेलं होतं, झाकण ठेवून." तिनं नाक ओढलं. "ओरडले आणि रागारागानं गॅलरीत जाऊन उभी राहिले. त्याच्याकडं पाठ करून. गाणं संपेपर्यंत. आत आले तर हा तसाच बसलेला, तस्साच! एक अक्षर बोलला नाही. दूध गेलं का, किती गेलं, काही नाही. तेव्हा कळली मला माझी जागा."

कानवाला उठला. एका खणातून त्यानं सीडी काढली, पाकिटात घातली आणि वर आपल्या बारीक अक्षरात लिहिलं, 'पुलाचं गाणं, स्वच्छ.' पाकीट त्यानं वहिनीच्या हातात ठेवलं.

"घ्या. तशी त्याच्याकडं एक आहेच."

"कुणाकडं?"

"तुमच्या नवऱ्याकडं. सातवी सीडी आली तेव्हा माझी टेप माळ्यावर सापडली. लगेच प्रत करून पाठवली. त्याचं कार्ड आलं होतं, मिळाली, आभारी आहे. मला वाटलं आठव्यात घालेल. नाही घातली. नवव्यातही नाही. मी परत विचारलं नाही. ज्याची सीडी त्याचा क्रम, आपण कोण बोलणार?"

वहिनी पिशवी आवळून उठली. अठरा वर्षं! अठरा वर्षं स्वच्छ प्रत घरात, आणि हा माणूस मुद्दाम बटाटे वाटतोय! आता घरी जाऊन असा काही नंबर पुकारीन की पुन्हा कान...

"बसा," कानवाला म्हणाला. तो तिच्यापेक्षा कितीतरी हळू बोलला, तरी ती बसली. "त्याच्या प्रतीत तुमच्या ओरडण्याच्या पुढचं कधी ऐकलंय तुम्ही?"

"तिथं आलं की मी उठून जाते."

"आणि बाकीचे तिथं हसतात. हसतात म्हणून पुढचं कुणालाच ऐकू येत नाही. मी एकटा राहतो. हसायला सोबत नाही, म्हणून ऐकू आलं."

त्यानं फळीवरची चोवीस नंबर काढली. जाड स्पंजाचे हेडफोन वहिनीच्या कानांवर बसवले, चष्म्याच्या काड्या अडकत होत्या त्या नीट केल्या, आणि अठरावं गाणं लावलं.

वहिनीनं डोळे घट्ट मिटले. बाईचा आवाज चढत गेला. वाद्यं थांबली. मग ती स्वतः आली, तेवीस वर्षांची, कान फोडणारी. बटाट्यांशी तिनं हेडफोनला हात घातला. कानवाल्यानं नुसती मान हलवली. तिनं हात खाली घेतला.

बाई गातच होत्या. त्यांच्या आवाजाखाली, कुणी भिंतीपलीकडं काही हलवावं तसं, करकर झालं. लाकडी खुर्ची. त्या खुर्चीचा मागचा पाय तिनं स्वतः दोनदा दोरीनं बांधला होता.

मग पावलं. एक, दोन. डावी चप्पल जमिनीला घासत होती. एकतीस वर्षं ती त्या डाव्या चपलेला नावं ठेवत आली होती. तीन, चार, पाच, लांब जात. गाणं चालू. मग लांबून, अगदी बारीक, टिंग. झाकण उचललं.

त्यानंतर बराच वेळ नुसतं गाणं. एवढा वेळ रिकाम्या पातेल्यात कुणी काय बघतं?

मग झाकण परत ठेवल्याचा आवाज. तो जवळजवळ नव्हताच. कुणाला कळू नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवतात, तसा. घासणारी चप्पल परत आली. खुर्ची करकरली. गाणं संपलं.

कानवाल्यानं हेडफोन काढून घेतले. वहिनी पिशवीचा बंद बघत होती. कानवाल्यानं भल्या माणसासारखं तिकडं लक्ष दिलं नाही आणि पेचकस उचलून एका यंत्राचं झाकण उघडलं.

जाता जाता ती दारात थांबली.

"हे आणखी कुणाला सांगितलंय?"

"मी कशाला सांगू? माझं घर नाही ते."

परतीच्या बसमध्ये वहिनीनं उरलेले सुट्टे पैसेही मागितले नाहीत. कंडक्टरनं दोनदा विचारलं, "बाई, बरं आहे ना?"

संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा दिवे नुकतेच लागले होते. लिफ्टवाला कॉम्प्युटरपुढं पाठमोरा, टेबलावर कोऱ्या सीड्यांची चळत. नणंद खिडकीशी बसून कव्हरावर फुलं काढत होती. फुलं कसली, कोबीच वाटत होते, पण पातेलं नव्हतं.

"काढली दाढ?" लिफ्टवाल्यानं न वळता विचारलं.

"नाही. ठेवली. आता दुखत नाही."

ती आत गेली, चहा केला. तीन पेले भरून आणले. नवऱ्याचा पेला ठेवायला टेबलावर जागा नव्हती. तिनं पिशवीतून पाकीट काढलं, पाकिटातून सीडी काढली, ती कॉम्प्युटरशेजारी पालथी ठेवली आणि तिच्यावर गरम पेला ठेवला. पाकीट बाजूला ठेवलं, अक्षर वर येईल असं.

लिफ्टवाल्यानं पाकिटाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पेला उचलला, एक घोट घेतला आणि परत तिथंच ठेवला, चकचकीत सीडीवर उमटलेल्या ओल्या गोलात.

नणंदेनं दोघांकडं चष्म्यावरून बघितलं.

"मिळाली का प्रत?"

"मिळाली."

"मग आता कुठली घालायची शेवटी?"

"दरवर्षी घालतो तीच," वहिनी म्हणाली. "रविवारी मी पुढच्या रांगेत बसणार, त्या बाईंच्या शेजारी. आणि सगळ्यांना बजावून ठेवा, बटाट्यांनंतर कुणी हसायचं नाही. जो हसेल त्याचा नंबर मी स्वतः पुकारीन."

"अगंबाई! म्हणजे माझं पातेलं चालेल?"

"काढा की. खुशाल काढा."

नणंदेनं कोबी बाजूला सारले, कोरा कागद ओढला आणि पेन्सिलीनं पातेल्याचा काठ काढायला घेतला. मग फेसाकडं वळली.

"फेस नको," वहिनी म्हणाली.

"नको? मग उतू काय जाणार?"

"काही नाही. रिकामंच काढा. घासलेलं. वर झाकण ठेवा."

नणंदेची पेन्सिल थांबली. कॉम्प्युटरमधली सीडी घरघरत होती. वहिनी खिडकीशी उभी होती, खोलीकडं पाठ करून.

मागं खुर्ची करकरली.